हब फ्री, लिव्हर फोरला: मोठ्या गॅपनंतर चिखलात गाडी कशी घालायची

गाडी मागून खाली बसत होती आणि मी आत बसून रेस देत होते, चांगली मिनिटभर. जागा पवन मावळातली, पवनेच्या बॅकवॉटरच्या वरच्या अंगाला भातखाचरांमधून जाणारी बैलगाडीची वाट, चिखल म्हणाल तर घोट्याच्या जरा वर, म्हणजे घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. फोर बाय फोरचा लिव्हर फोर एल ला (ताकद चारही चाकांना, लो रेंजमध्ये, म्हणजे वेग कमी आणि जोर जास्त), सेकंड गिअर, सगळं बरोबर, आणि जिप्सी जागच्या जागी खड्डा करतेय. मागच्या थारमधून माझा धाकटा भाऊ उतरला, पुढच्या चाकाकडे वाकून बघितलं आणि पोट धरून हसायलाच लागला. "ताई, हब!"

जिप्सीवाल्यांना एवढ्यात कळलं असेल. बाकीच्यांसाठी सांगते, जिप्सीत आतला लिव्हर फोरला टाकून भागत नाही, खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध ज्या गोल चकत्या असतात त्या हाताने फ्री वरून लॉक वर फिरवाव्या लागतात, नाहीतर ताकद पुढच्या अ‍ॅक्सलपर्यंत येते आणि चाक मात्र मोकळंच. थोडक्यात मी टू व्हील ड्राइव्ह गाडी घेऊन चिखलात शिरले होते. हे हब मी पूर्वी किती वेळा फिरवले असतील त्याला गणती नाही, दार लोटताना चावी चाचपतो तसं आपोआप व्हायचं ते. पण २०१९ च्या पावसाळ्यानंतर गाडी चिखलात गेलीच नाही, आधी लॉकडाऊन, मग लेक झाली, मग कंबरेची डिस्क सरकली, आणि २०२४ च्या जुलैत एकदम उठून सुटले.

तर हे ज्यांना एकेकाळी चांगलं येत होतं त्यांच्यासाठी. नवखा माणूस टरकलेला असतो, विचारतो, उतरून बघतो. आपण जुने लोक जास्त डेंजर, डोक्याला सगळं आठवत असतं आणि हातापायांनी मात्र पार सोडून दिलेलं असतं, आणि हे आपल्याला रुतल्याशिवाय कळत नाही.

आधी गाडी बघा, उभी गाडी जास्त बिघडते

पार्किंगमध्ये झाकून ठेवलेली गाडी म्हणजे नवीसारखी असं वाटतं, तसं काही नसतं. सगळ्यात आधी बॉनेट उघडून उंदरांनी काय केलंय ते बघा. माझ्या गाडीत एअर फिल्टरच्या डब्यात पेपरच्या चिंध्या आणि बदामाची सालं निघाली, बदाम कुणाच्या घरचे ते देव जाणे. वायरी हाताने चाचपत जा, विशेषतः खाली गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या, कारण कुरतडलेली वायर कोरड्यात चालते आणि पाणी उडालं की दगा देते.

टायरची नक्षी बघून खूश होऊ नका. टायरच्या बाजूला चार आकडे छापलेले असतात, ३२१७ असेल तर २०१७ सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी भरपूर आहे पण रबर वाळून कडक झालंय, साइडवॉलला नखाएवढ्या भेगा आहेत, असं टायर हवा कमी करून दगडावर घासलं तर साइडवॉल फाटतं, आणि फाटलेल्या साइडवॉलला पंक्चरवाला काही करू शकत नाही. माझी चार टायर बदलली, स्टेपनी जुनीच ठेवली, ती चूक होती पण ते नंतर कधीतरी.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, दोन वर्षं उलटली असतील तर विचार न करता बदला. हँडब्रेक लावून गाडी ठेवली असेल तर मागचे लायनर ड्रमला धरलेले असू शकतात, क्लच प्लेटपण फ्लायव्हीलला गंजून चिकटते कधीकधी. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी धरून ठेवतं, आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप त्यासाठी बनलेलेच नव्हते, तेही वाकवून बघा, चिरा दिसतील. जॉइंटचे (म्हणजे अ‍ॅक्सलकडे ताकद नेणाऱ्या लांब दांड्याचे, प्रोपेलर शाफ्टचे) क्रॉस, पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) शॅकल, सगळीकडे ग्रीस मारून घ्या. आणि डिफचे (डिफरन्शिअल, अ‍ॅक्सलवरचा गिअरांचा गोळा) ब्रीदर. हे बहुतेक मेकॅनिक बघत नाहीत. डिफच्या डोक्यावर छोटी टोपी किंवा पाइप असतो ज्यातून गरम हवा बाहेर जाते, तो मातीने बुजला असेल तर गरम झालेलं डिफ एकदम ओढ्याच्या थंड पाण्यात गेल्यावर आत निर्वात होतो आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ऑइल बदलताना ते दूध घातलेल्या चहासारखं निघालं तर समजायचं हेच झालंय.

हब चालतायत का याची घरीच टेस्ट होते. मागच्या चाकांना नीट दगड लावून लिव्हर टू एच ला (ताकद फक्त मागच्या चाकांना) ठेवा, दोन्ही हब लॉक करा, पुढचं एक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा, खालचा पुढचा जॉइंट फिरला पाहिजे. मग उचललेल्या बाजूचा हब फ्री केला की चाक एकटंच फिरलं पाहिजे. दुसऱ्या बाजूलाही हेच. ज्यांच्या गाडीत हे सगळं बटणाने होतं त्यांनी सोसायटीत नाही, ओल्या मुरमावर जाऊन फोर एच (चारही चाकं, नेहमीच्या रेंजमध्ये), फोर एल दोन्ही टाकून पाच-पन्नास मीटर चालवून यायचं. पार्ट टाइम फोर बाय फोर (लागेल तेव्हाच चारही चाकं जोडायची ते) असेल तर कोरड्या डांबरावर लावून वळणं घेऊ नका, पुढच्या मागच्या चाकांच्या फेऱ्या जुळत नाहीत आणि सगळा ताण गिअरांवर येतो, मग लिव्हर निघता निघत नाही. अडकलाच तर थोडी रिव्हर्स घ्या, सुटतो.

पहिली राइड भर पावसात नको

माझी दुसरी चूक ही, जुलै. लावणीचे दिवस, चिखलणी झालेली, खाचरातलं पाणी वाटेवर आलेलं. पाच वर्षांनी जाताय तर हस्ताच्या सुमाराला जा, सप्टेंबर संपता संपता. पाऊस उघडझाप करत असतो, ओढे उतरलेले असतात, आणि चिखल असतो पण त्याला तळ असतो. एकच सांभाळा, तेव्हा वरून सुकलेली पापडी आणि खाली रबडी अशी जागा खूप असते, दिसायला रस्ता, पाय दिला की गुडघाभर. आणि मृगाच्या पहिल्या पावसात तर जाऊच नका, चिखल कमीच असतो तेव्हा पण उन्हाळ्याच्या धुळीवर पाणी पडून साबणासारखा थर होतो आणि घसरायला तेवढा पुरतो.

कुठे जाताय त्यावर चिखल बदलतो हेही माणूस विसरतो. मावळ-मुळशीकडच्या वाटांवर तांबूस माती आणि खाली मुरूम किंवा कातळ, गाडी वरच्या थरावर घसरते पण खाली कुठेतरी टायरला धरायला मिळतं. देशावरची काळी माती वेगळं प्रकरण आहे, ती पाणी पिऊन फुगते, चिकटते, दोन फेऱ्यांत टायरच्या खाचा भरून टायर लाडवासारखं गोल गुळगुळीत, मग चिखलासाठीचं महागडं एमटी टायर काय आणि टक्कल पडलेलं काय. वर ती मडगार्डमध्ये साचत जाते आणि शेवटी चाक फिरेनासं होतं. मी तिथे फोर बाय फोर असून हात जोडते. कोकणातला जांभ्याचा सडा दिसायला कडक, वर शेवाळ, आणि तसंही सड्यावर गाडी घालूच नका, ती इवलीशी फुलं वर्षातून काही आठवडे येतात आणि टायरचा एक पट्टा खूप काळ राहतो. कास २०१२ ला युनेस्कोच्या यादीत गेलं ते उगाच नाही.

राखीव जंगलात परवानगीशिवाय गाडी नेणं गुन्हा आहे, पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे बंदीचे आदेशही निघतात, ते निघण्याच्या आदल्या दिवशी बघून घ्या. आणि शेत कुणाचंतरी असतं. बांध फुटला की खाचरातलं पाणी वाहून जातं आणि त्याची लावणी बोंबलते, आपल्या दहा सेकंदांच्या व्हिडिओसाठी. गावात शिरताना काच खाली करून विचारायचं, "मामा, वाट कुठवर जाते?" आम्हीही विचारलं होतं, मामा म्हणाले, "जाती तशी, पर पुढं चिखलणी झालीया, गाडी नका घालू, रुतंल." ऐकून घेतलं, धन्यवाद म्हटलं, आणि घातली.

उतरा आणि चाला

या अख्ख्या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. पूर्वी मी गाडीत बसून चिखल वाचायचे, रंगावरून, चमकेवरून, आणि बऱ्याचदा बरोबर यायचं. आता पहिल्या तीन-चार राइड मी प्रत्येक चिखलाचा पट्टा पायी जाऊन येते, बूट भरले तर भरले. हातात काठी घ्या आणि चाकं जिथून जाणार त्या दोन रेघांवर खुपसत जा, मधे नाही. काठी टक् करून थांबली तर खाली मुरूम आहे, वीतभर चिखल असला तरी निघाल. काठी नुसती जातच राहिली तर परत फिरा.

म्हशींच्या खुरांचे ठसे बघा. ठसा उथळ आणि कडा शाबूत असेल तर जमीन धरून आहे. ठसा विहिरीसारखा खोल, आत पाणी, कडा ढासळलेल्या, तर टनभर वजनाची जिप्सीसुद्धा तिथे बसणार, दोन टनाच्या जवळ जाणाऱ्या गाड्यांचं तर बोलायलाच नको. उभं गवत असलेली कड बहुतेक वेळा बरी, मुळांनी माती धरलेली असते. ट्रॅक्टरच्या खुणांवर मात्र अजिबात विश्वास ठेवू नका, "ट्रॅक्टर गेलाय म्हणजे आपण जाऊ" हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलंय त्यातल्या निम्म्या वेळा पुढे दोर काढावा लागलाय. ट्रॅक्टरचं मागचं चाक माणसाच्या खांद्याला येतं, त्याने पाडलेल्या चरात आपली चाकं गेली की मधला उंचवटा थेट आपल्या पोटाला लागतो.

त्यासाठी माझं माप आहे वीत. जिप्सीचा ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलिमीटर, जिम्नीचाही तेवढाच, नव्या थारचा २२६, म्हणजे मोठ्या माणसाची एक वीत. चर वीतभर खोल असेल तर त्यात चाक घालायचं नाही, एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि एक बाहेरच्या कडेवर ठेवून जायचं. डिफचा गोळा मधोमध आहे की एका बाजूला हे आपापल्या गाडीखाली वाकून बघून ठेवा, कारण लागतो तो तोच. चाकोरी सोडा असं लोक भाषणात सांगतात ना, इथे ते खरंच मोजून करावं लागतं, कारण चर उथळ असेल आणि तळ कडक असेल तर उलट चाकोरीतच राहणं चांगलं, गाडी रुळावर असल्यासारखी जाते.

हवा

डांबर सुटलं की हवा कमी करायची, चिखल समोर आल्यावर नाही. माझ्या जिप्सीत रस्त्यावर २४-२६ पीएसआय असते ती १८ वर आणते, भाऊ थारमध्ये ३० च्या आसपासची २० वर आणतो. टायर खाली पसरून लांब होतं, वजन जास्त जागेवर जातं, गाडी चिखलावर तरंगल्यासारखी राहते. १५ च्या खाली साध्या रिमवर जाऊ नका, वळताना टायर रिमवरून निसटतं आणि चिखलात ते परत बसवणं म्हणजे अख्खी दुपार. चिखल पातळ आणि खाली लगेच कातळ असेल तर हवा फार कमी करायची गरज नसते, तिथे अरुंद टायरने वरचा थर कापून खाली टेकलेलं बरं. गेज हवंच, अंदाजाने सोडू नका, आणि परत भरायला बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर. कमी हवेत पंचवीस-तीसच्या वर स्पीड नको.

आता चालवायचं

सीट नेहमीपेक्षा एक खाच पुढे घ्या, पट्टा लावा, आणि अंगठे स्टेअरिंगच्या आत घालू नका, बाहेरून रिमवर ठेवा. चाक दगडाला बसलं की स्टेअरिंग झटकन फिरतं आणि आतला अंगठा मोडतो. हे मला आठवत होतं पण हात आपोआप शहरातल्यासारखे धरत होते, दोन वेळा भावाने वॉकीटॉकीवर ओरडून सांगितलं.

गिअर चिखलाच्या आधीच टाकून ठेवा, मधे बदलायचा नाही. क्लच दाबला त्या क्षणी गाडीचा जो काही वेग असतो तो चिखल खाऊन टाकतो. लो रेंजमध्ये सेकंड बहुतेक ठिकाणी चालतो, फर्स्टमध्ये ताकद इतकी येते की चाकं नुसती गरगरतात. लांबलचक पट्टा असेल आणि वेग टिकवायचा असेल तर फोर एच आणि सेकंड. पेट्रोल जिप्सीला जरा रेस हवी असते, डिझेल थार नुसत्या पायाच्या वजनावर चालते. हाफ क्लच तर विसरूनच जा, जळका वास यायला लागला म्हणजे उशीर झालेला असतो.

वेग किती, तर चालत्या माणसापेक्षा जास्त आणि धावत्या माणसापेक्षा कमी, आणि तो शेवटपर्यंत एकसारखा. जोरात घुसून उडवायचं ते रीलवाल्यांसाठी सोडा, चिखलाखाली दगड कुठे आहे हे चिखलालाच माहीत.

मधे कुठेतरी गाडी जड होते. हे सीटमधून कळतं, आवाजाच्याही आधी, पाठ सीटला टेकलेली असते ती जरा सुटते. मोठ्या गॅपनंतर नेमकं हेच कळत नाही, ते परत यायला वेळ लागतो. तेव्हा काय करायचं, पाय जास्त दाबायचा नाही, आहे तसा ठेवून स्टेअरिंग डावी-उजवीकडे पाव पाव फेरी झटपट हलवायचं, टायरच्या कडेचे दात नवीन मातीत जातात आणि बऱ्याचदा एवढ्यावर गाडी ओढून निघते. खिडकीतून पुढच्या टायरकडे बघा, चिखल मागे फेकला जातोय तोवर ठीक. नाही निघाली, चाक फिरतंय आणि गाडी जागेवर, तर मनात एक म्हणायच्या आत पाय काढायचा. दोन नाही. चाकाची प्रत्येक फुकट फेरी गाडीला खाली नेते, आणि पहिल्या सेकंदाला थांबलात तर रिव्हर्समध्ये आपल्याच चाकोरीतून जशीच्या तशी बाहेर येते, फुकटात. मी मिनिटभर थांबले नाही कारण "आता निघेल, पूर्वी निघायची." पूर्वी हब लॉक असायचे.

चरात चालताना अजून एक घोळ होतो, स्टेअरिंग फिरलेलं असतं आणि गाडी सरळच जात असते कारण चराच्या भिंती तिला धरून ठेवतात, आपल्याला पत्ता नसतो. पुढे चर उथळ झाला की टायर एकदम पकडतं आणि गाडी उडी मारून बांधावर. यावर साधा उपाय, गाडी सपाट जागेवर सरळ उभी करून स्टेअरिंगच्या बरोबर वरच्या टोकाला रंगीत टेपचा तुकडा लावा. टेप वर आहे म्हणजे चाकं सरळ. भाऊ हसला, पण आता त्याच्याही गाडीत आहे.

उतारावर लो रेंज फर्स्ट, क्लच आणि ब्रेक दोन्हीवरून पाय बाजूला, इंजिन गाडीला धरून ठेवतं. भीती वाटते आणि पाय आपोआप ब्रेकवर जातो, चाकं लॉक झाली की गाडी होडी होते. मागचा भाग आडवा यायला लागला तर उतारावर अंगाच्या विरुद्ध वाटेल असं करायचं, हलकीशी रेस द्यायची आणि तोंड खालच्या दिशेला ठेवायचं. चढावर अर्ध्यात थांबली तर क्लच दाबून मागे सोडू नका, ब्रेक, मग रिव्हर्स टाकून इंजिनवर सरळ खाली, आरशांवर भरवसा ठेवून. चढावर गाडी आडवी वळवायचा मोह झाला तर आठवा की गाड्या तिथेच लोळतात. नव्या गाड्यांत ईएसपी (गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) चिखलात मधेच ताकद तोडतं, खोल चिखलात ते बंद करता येतं का हे घरी मॅन्युअल उघडून बघा, चिखलात बसून नाही.

पाणी

थोडक्यात सांगते. गुडघ्याच्या वर किंवा वाहतं पाणी असेल तर नाही. आधी चालून जा, चालता येत नाही तिथे गाडी नाही. वर घाटात पाऊस पडत असेल तर ओढा बघता बघता चढतो, पाणी गढूळ होऊन काटक्या-पाला यायला लागला की निघायचं, डबा खाऊन झाला नसला तरी. पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उतरवावं लागतं.

रुतलीच तर

त्या दिवशी बांधावरून तेच मामा फावडं घेऊन आले. पहिलं वाक्य, "ओ ताई, ते इंजान बंद करा आदी." बरोबरच होतं. इंजिन बंद, सगळे खाली, आणि पाच मिनिटं नुसतं बघायचं. गाडी कशाने धरलीये? चाकं रुतलीत की पोट टेकलंय? डिफ मातीत घुसलं असेल तर चाकांखाली काहीही घाला, उपयोग नाही, आधी डिफच्या पुढची माती काढायची.

आम्ही मागच्या चाकांच्या मागे उतार काढला, साधारण हातभर लांब, कारण चिखल गाडीला नुसता अडवत नाही, खाली शोषून धरतो, ती पकड सोडवावी लागते. चिखलात कोपरापर्यंत हात घालून दोन्ही हब लॉक केले. टायरमधली हवा अजून दोनने कमी. मामांनी दोन रिकामी पोती आणून मागच्या चाकांना चिकटवून घातली, त्यांच्या खताच्या गोण्या, आपल्या हजारोंच्या रिकव्हरी बोर्डएवढंच काम केलं त्यांनी. पोती किंवा बोर्ड घालाल तेव्हा गाडीच्या मागे-पुढे रेषेत कुणी उभं राहू नका, पकडलं नाही तर ते गोळीसारखं सुटतं. मग रिव्हर्स, अलगद, आणि पहिल्याच फटक्यात बाहेर. खणाखणीला चाळीस मिनिटं, यायला चार सेकंद.

दोर लागलाच तर दोन गोष्टी पक्क्या डोक्यात ठेवा. एक, गाडी ओढायचा दोर आणि झटका द्यायचा दोर वेगळे. नायलॉनचा कायनेटिक दोर रबरासारखा ताणतो आणि हळूच खेचतो, त्याने थोडा झटका चालतो. वायररोप, साखळी, साधा पट्टा यांनी झटका दिला तर काहीतरी तुटतंच. दोन, दोर चेसिसला पक्क्या बसवलेल्या हुकलाच लावायचा. टो बॉलला (मागे ट्रेलर जोडायचा गोळा) कधीही नाही, बंपरखाली जे पातळ कडं असतं ते गाडी ट्रकवर बांधायला असतं, त्याला नाही. तुटलेला बॉल काच फोडून आत येतो आणि माणसं गेलीत त्याने. ताणलेल्या दोरावर मधोमध ओलं पोतं किंवा जड जाकीट टाका, दोराच्या दीडपट लांब उभे राहा, आणि हातवारे एकाच माणसाने करायचे. सगळे मिळून "अजून, अजून, बस, अरे बस" ओरडायला लागले की ड्रायव्हरला काही कळत नाही.

ट्रॅक्टर बोलावला तर त्याला आधीच सांगा, "दादा, झटका नको, दोर ताणून घ्या आणि हळू ओढा." आणि पैशांची घासाघीस नको, लावणीच्या दिवसांत तो तासावर चालतो, तुमच्यासाठी काम टाकून आलेला असतो. दोन गाड्यांशिवाय तर जाऊच नका, तिथे रेंज नसते, एकटी गाडी म्हणजे चार-पाच किलोमीटर चिखलातून पायपीट.

परत येताना

डांबराला लागलात की हवा भरा, लिव्हर टू एच ला. ब्रेक पहिल्या किलोमीटरमध्येच हलके हलके दाबत राहा, ड्रममध्ये चिखल असतो, पहिल्या दोन-तीन दाबांना गाडी थांबतच नाही. आणि साठच्या वर गेल्यावर स्टेअरिंग थरथरायला लागलं तर घाबरू नका, मी पहिल्यांदा असं झालं तेव्हा अलाइनमेंट, बॅलन्सिंग सगळं करून पैसे घालवून आले होते, निघालं काय तर रिमच्या आतल्या बाजूला एका जागी सुकलेला मूठभर चिखल. काठीने खरवडला, थरथर गेली.

गाडी त्याच दिवशी धुवा, वाळला की सिमेंट होतो. बॉडी राहू दे, खालून धुवा, चेसिसच्या खाचा, पाट्यांच्या मधे, डिफचे ब्रीदर. रेडिएटरची जाळी आतल्या बाजूने, कमी प्रेशरने, कारण जोराच्या पाण्याने पात्या वाकतात, आणि ती बुजलेली राहिली तर पुढच्या रविवारी एक्सप्रेसवेच्या घाटात काटा वर जातो आणि माणूस कूलंटला शिव्या देतो. ड्रम उघडून घ्या एकदा, ग्रीस परत मारा, दोन-तीन दिवसांनी डिफचं ऑइल थोडं काढून रंग बघा.

जिप्सीवाल्यांनी हब परत फ्री करायचे. लॉक राहिले तरी टू एच मध्ये काही मोडत नाही, पुढचा जॉइंट उगाच फिरत राहतो, जरा आवाज येतो आणि पेट्रोल जास्त जातं. मला हे इतकं नीट माहीत आहे कारण त्या दिवशी मी तशीच पुण्यापर्यंत आले, भावाला अजून सांगितलेलं नाही.